करडू आणि अंगरखा : योसेफाच्या कथेचे रसग्रहण

उत्पत्तीचे पुस्तक भाऊबंदकीने भरलेले आहे. काइन आणि हाबेल, एसाव आणि याकोब, एकाच नवऱ्याच्या संसारात धुमसणाऱ्या दोन सख्ख्या बहिणी लेआ आणि राहेल. या सगळ्याचा कळस म्हणजे ३७ ते ५० या अध्यायांतली योसेफाची कथा. जुन्या करारातली चरित्रे मराठीला परकी नाहीत. फादर स्टीफन्स यांनी १६१६ सालच्या ‘ख्रिस्तपुराणा’त ती ओव्यांत गायिली, बेने इस्राएल मंडळींनी त्यांवर मराठी कीर्तने केली, आणि पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळे शास्त्र सोप्या मराठीत आणण्यात घालवली. तरीही योसेफाची कथा बहुतेकांना सारांशानेच माहीत असते: भावांनी विकले, देवाने राखले. खरी कारागिरी या दोन वाक्यांच्या मध्ये आहे.

पहिली गोष्ट अशी की या कथेत देव रंगमंचावर जवळजवळ येतच नाही. अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याशी तो बोलला. योसेफाशी तो चौदा अध्यायांत एक शब्दही बोलत नाही. स्वप्ने पडतात, पण त्यांत आवाज नाही. नुसत्या पेंढ्या, तारे, गाई, कणसे. परमेश्वर योसेफाबरोबर होता, असे निवेदक स्वतःच्या तोंडाने सांगतो ते फक्त ३९व्या अध्यायात, म्हणजे गुलामीत आणि तुरुंगात. योसेफ फारोच्या शेजारी बसल्यावर हे वाक्य पुन्हा येत नाही. कृपेचा उल्लेख पडतीच्या काळात करायचा आणि चढतीच्या काळात आवरायचा, हा संयम मोठ्या लेखकाचा आहे.

मग देवाची योजना दिसते कुठे? किरकोळ माणसांत. सतरा वर्षांचा योसेफ बाप याकोब याच्या सांगण्यावरून हेब्रोनहून शखेमला भावांचे क्षेमकुशल पाहायला निघतो. भाऊ तिथे नाहीत. तो रानात भटकत असताना एक माणूस भेटतो, काय शोधतोस म्हणून विचारतो, आणि ते दोथानला गेल्याचे सांगतो. या माणसाला नाव नाही, पुढे तो कथेत कधी दिसत नाही. तो भेटला नसता तर पोरगा घरी परतला असता; मिसर नाही, धान्य नाही, पुढचे काहीच नाही. घाईचा लेखक हा प्रसंग गाळून भावांना शखेमलाच भेटवता. इथे मात्र त्या अनामिकाला तीन वचने दिली आहेत, आणि सगळ्या कथेची कळ त्याच्या हाती ठेवली आहे.

आता शीर्षकातले करडू. भाऊ योसेफाचा अंगरखा बकऱ्याच्या रक्तात बुडवतात, बापापुढे ठेवतात आणि ओळखायला सांगतात. खोटे ते बोलत नाहीत. खोटे बोलायचे काम कपड्याकडून करून घेतात. दहा अध्याय मागे जा. याकोबाने आंधळ्या इसहाकाला फसवले ते कशाने? थोरल्या भावाचे कपडे अंगावर घालून आणि करडांची कातडी हातांना गुंडाळून. आता पुढे चला. ३८वा अध्याय योसेफाला वाटेतच सोडून त्याचा भाऊ यहूदा याच्या घरात शिरतो आणि वाचकाला वाटते, लेखक रस्ता चुकला. या अध्यायात यहूदा एक करडू देण्याचा शब्द देतो आणि तोवर आपली मुद्रा, गोफ आणि काठी गहाण ठेवतो. वेश बदलून समोर उभी असलेली ती बाई त्याची विधवा सून तामार आहे, हे त्याला ठाऊक नाही. पुढे ती त्याच वस्तू पाठवून त्याला तेच सांगते: ओळखा, कोणाच्या आहेत. ज्याने बापाला कपडा ओळखायला लावला, त्याला आपल्या वस्तू ओळखाव्या लागतात, आणि ही माझ्यापेक्षा नीतिमान आहे, अशी कबुली त्याच्या तोंडून निघते. करडू, कपडा, ओळख, या तीन गोष्टी तीन पिढ्यांतून फिरवल्या आहेत. कुठेही टिप्पणी नाही. आनंदवर्धनाने ज्याला ध्वनी म्हटले, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

दुसरा नमुना मौनाचा. खड्ड्यात टाकताना योसेफाचा एक शब्दही आपल्याला ऐकवला जात नाही. भाऊ तिथेच जेवायला बसतात, एवढेच कळते. वीस वर्षांहून अधिक काळानंतर दुष्काळ त्यांना मिसरात आणतो. पुढ्यातला अधिकारी योसेफ आहे हे त्यांना कळत नाही. दुभाषा मध्ये असल्याने तो आपली भाषा समजत नाही, असे धरून ते आपापसात बोलतात, की तो गयावया करत होता आणि आपण ऐकले नाही. ती आर्त हाक ३७व्या अध्यायातून काढून ४२व्यात ठेवली आहे. भावांनी कानाआड केली, म्हणून आपल्यालाही तेव्हा ऐकू आली नाही. त्यांना आठवली तेव्हा आपल्यापर्यंत पोचली. योसेफ तोंड फिरवून रडतो. पुढच्या खेपेला खोलीत जाऊन रडतो आणि तोंड धुऊन बाहेर येतो. तिसऱ्या वेळी इतका मोठ्याने, की फारोच्या वाड्यापर्यंत ऐकू जाते. करुणाचा असा चढता क्रम क्वचितच सापडतो.

त्या तिसऱ्या रडण्याला कारण होते यहूदाचे भाषण. योसेफाला विकण्याची कल्पना याच यहूदाची होती. आता धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत योसेफाचा प्याला सापडला आहे, धाकट्याला गुलाम ठेवून बाकीच्यांना घरी जाता येते. जुना प्रसंग तसाच्या तसा मांडला आहे, फक्त निवड नवी करायची आहे. यहूदा पुढे होतो आणि ओळीओळीला बापाचे नाव घेत सांगतो, की बापाचा जीव या पोरात अडकला आहे, त्याच्या जागी मला ठेवा. बापाचा पक्षपात तसाच आहे. ज्या पक्षपातापायी भावाला विकले, तोच आता हा माणूस स्वतःला देऊ करण्याचे कारण म्हणून सांगतो. त्याने मधल्या काळात दोन मुलगे पुरले आहेत. मूल जाणे म्हणजे काय हे त्याला ३८व्या अध्यायाने शिकवले आहे. तो अध्याय वाट चुकलेला नव्हता, हे इथे कळते. ईश्वरी योजनेचे सर्वांत मोठे कृत्य माझ्या मते हेच: सात वर्षांच्या धान्यसाठ्याहून यहूदाचा पालट मोठा.

याकोबाला बोलावणे येते तो तुकडाही सावकाश वाचावा. योसेफ जिवंत आहे हे मुलांचे बोलणे त्याला पटत नाही. दारातल्या गाड्या पाहिल्यावर जिवात जीव येतो. एकदा फसवला गेलेला म्हातारा आता शब्दांवर नाही, चाकांवर विश्वास ठेवतो! तरी बैर-शेब्याला तो थांबतो, आणि या कथेत देव बोलतो तो तिथे एकदाच, रात्री, उतारवयात मुलूख सोडणाऱ्याशी: भिऊ नको. शहाडच्या वाचकाला हा थांबा समजावून सांगावा लागू नये. स्टेशनपासून हाकेच्या अंतरावरचे उल्हासनगर फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांच्या छावणीतून १९४९ साली उभे राहिले. इथल्या कितीतरी घरांत असा एक याकोब होता.

अखेरीस बाप गेल्यावर भाऊ पुन्हा धास्तावतात, आणि बापाच्या नावाने एक निरोप पाठवतात. याकोबाने तसे काही सांगितल्याची नोंद कथेत नाही. निरोप बहुधा रचलेला. योसेफ त्यांना पकडत नाही, रडतो. तुम्ही माझे वाईट योजिले, देवाने त्यातून चांगले योजिले, अशा आशयाचे त्याचे उत्तर प्रसिद्ध आहे. त्याचा कस असा, की त्यात भावांचा अपराध पुसलेला नाही. वाईटाला वाईटच म्हटले आहे, आणि निवाडा देवाकडे सोपवला आहे. देवाच्या इच्छेच्या नावाखाली घरातला अन्याय झाकणाऱ्यांनी हे वचन पुन्हा पाहावे.

वाचकांना विनंती एवढीच: हे चौदा अध्याय एका बैठकीत, शक्य तर घरच्यांसमोर मोठ्याने वाचा. आणि प्रवचनांतून नेहमी वगळला जाणारा ३८वा अध्याय गाळू नका.