दुपारचा गहू

विळ्याने गहू सोंगायचा तर माणसे पहाटेच वावरात उतरतात. रात्रीच्या दवाने काडी नरमलेली असते, ओंब्या झडत नाहीत, दाणा मातीत जात नाही. हार्वेस्टरचे गणित नेमके उलटे. त्याला कडकडीत वाळलेले पीक लागते. ओलसर काडी आत गुंडाळते आणि दाणा नीट सुटत नाही. म्हणून यंत्र दहा-अकराला सुरू होते आणि भर दुपारी जोरात चालते. काढणीची वेळ अशी सरकली. फोटोग्राफर मात्र जुन्याच वेळेला हजर राहतात. गव्हाच्या शिवाराची आजची फोटोग्राफी इतकी देखणी आणि तरीही इतकी रिकामी का वाटते, याचे बरेचसे उत्तर या तफावतीत आहे.

तिरप्या उजेडाचा मोह समजण्यासारखा आहे. सूर्य समोर आणि खाली असला की ओंबीचे एकेक कुसळ पेटते, दाण्याभोवती उजेडाची कड येते आणि पिकाला खोली मिळते. तेच शेत बारा वाजता सपाट, पांढुरके दिसते. शिवाय चित्रकारांनी ही नजर आधीच घडवून ठेवली होती. मिलेच्या 1857 च्या चित्रात कापणीनंतर ओंब्या वेचणाऱ्या बायका आहेत. मोनेने 1890–91 मध्ये एकाच प्रकारच्या गंजी निरनिराळ्या वेळच्या उजेडात रंगवल्या. कॅमेराही लवकरच शेतावर पोचला. फॉक्स टॅल्बटने 1844 मध्ये टिपलेली गवताची गंज आणि तिला टेकवलेली शिडी फोटोग्राफीच्या आरंभीच्या नामांकित चित्रांत गणली जाते. पुढे पी. एच. इमर्सनने 1880 च्या दशकात पूर्व इंग्लंडमधली शेतमजुरांची कामे टिपली. त्याच्या फोटोंत माणूस आणि शिवार वेगळे काढता येत नाहीत.

ते वेगळे कसे झाले, हे पाहायला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागातला पलूस प्रदेश उत्तम. वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीच्या टेकड्या, त्यांच्या उतारांवर गहू, आणि मध्येच उभा असलेला स्टेप्टो ब्यूट हा 3,612 फूट उंचीचा खडकाळ माथा. माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे. जुलै-ऑगस्टमध्ये, काढणीच्या दिवसांत, तिथे तिकाटण्यांची दाटी होते. लांब पल्ल्याची लेन्स टेकड्यांना एकमेकींवर चिकटवते, अंतर मिटते आणि शेताची नक्षी होते. पहिल्यांदा पाहणारा थक्क होतो. विसाव्या फोटोला मात्र कोणता कोणाचा, हे सांगता येत नाही. माणूस आलाच तर सांजेच्या धुरळ्यात शिरलेला एक ठिपक्याएवढा कंबाइन हार्वेस्टर, तोही रंगसंगतीला बरा म्हणून.

स्टेप्टो ब्यूट ज्यात येतो त्या व्हिटमन परगण्यात जुलै 1941 मध्ये रसेल ली सरकारी कामावर आला होता. अमेरिकेच्या फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनसाठी त्याने काढलेल्या फोटोंत कंबाइन आहे, त्यावरची माणसे आहेत, भरलेली पोती आहेत. उतारावर इतके मोठे यंत्र कसे तोलले जाते, हा प्रश्न त्याला पडलेला दिसतो. नंतरच्या रंगीत पिढीला तो फारसा पडला नाही. त्यांना उतार हवा होता. उतारावरची कसरत नको होती.

सपाट, क्रूर उजेडात काहीच करता येत नाही, हे म्हणणे इटलीतल्या दोघांनी खोटे पाडले आहे. मारियो जाकोमेल्ली हा सेनिगाल्लियाचा छपाई कामगार. मार्के भागातल्या शेतांना त्याने काळ्या-पांढऱ्या ओरखड्यांचे रूप दिले. मधले राखाडी जवळजवळ पुसून टाकले. काही ठिकाणी तर त्याने शेतकऱ्यांना ट्रॅक्टरने हव्या तशा रेघा ओढायला लावल्या. शुद्धतावाद्यांनी नाक मुरडावे असाच हा प्रकार, पण चित्रे टिकली. फ्रँको फोंताना याने उलटी वाट धरली. पुलिया आणि बासिलिकाताच्या शिवारांतून त्याने पिवळ्या-हिरव्या रंगांचे नुसते पट्टे काढले. दोघांच्याही चित्रांना कोवळ्या उन्हाचा टेकू लागत नाही.

दुपार पुन्हा कामाला आणली ती आकाशातून. विल्यम गार्नेटला हवाई छायाचित्रणासाठी 1953 मध्ये गुगेनहाइम फेलोशिप मिळाली. तो स्वतः छोटे विमान चालवत शेतांचे फोटो घेई. आज ते काम ड्रोन करतो. वरून पाहताना लहान सावल्यांची अडचण होत नाही, उलट हार्वेस्टरने मागे सोडलेले पट्टे स्वच्छ दिसतात. भारतातही 2021 च्या नियमांनंतर मोकळ्या क्षेत्रात 120 मीटरपर्यंत ड्रोन उडवणे बरेच सोपे झाले. तोटा एवढाच की त्या उंचीवरून चालकाच्या तोंडावर बांधलेला, धुळीने माखलेला गमछा दिसत नाही.

आपल्याकडची तऱ्हा आणखी गमतीची. एप्रिलच्या मध्यात बैसाखी आली की पंजाबच्या शिवारातला विळेवाला आणि डोक्यावर पेंढी घेतलेली बाई वर्तमानपत्रांत हमखास उगवतात. पंजाबातला बहुतेक गहू कंबाइनने निघतो, हे त्या फोटोंवरून कुणाला कळणार नाही. श्रमाकडे टक लावून पाहणारे काम झाले ते वेगळ्या वाटेने. पी. साईनाथ यांनी 1993 ते 2002 या काळात दहा राज्यांत ग्रामीण बायकांच्या कामाचे फोटो काढले आणि त्यांचे प्रदर्शन गावोगाव फिरवले. त्यातले एक पॅनेल केवळ वाकून करायच्या कामांवर आहे. तिथे निसर्गचित्र म्हणून काहीच मांडलेले नाही, पण पाठीमागे शेत असतेच, आणि ते कुणाचे तरी कामाचे ठिकाण आहे हे विसरता येत नाही.

महाराष्ट्रात गहू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि पंजाब-हरियाणाकडचे हार्वेस्टर चालकांसह इकडे येतात. लहान वावरात यंत्राला वळायला जागा लागते, म्हणून कोपरे आधी विळ्याने कापून घ्यावे लागतात. बांधाशी वाकलेली घरची माणसे आणि रस्त्यावर घरघरत थांबलेले यंत्र: दोन काळ एकाच चौकटीत बसतात. असा फोटो प्रदर्शनात सहसा दिसत नाही. दिसते ते ‘सोनेरी शिवार’. त्याखाली गव्हाचा वाण लिहिण्याची तर पद्धतच नाही. निफाडच्या संशोधन केंद्राचे त्र्यंबक की गोदावरी, लोकवन की खपली, याने ओंबीचे रूप बदलते, म्हणजे फोटोही बदलतो. पक्ष्यांचे फोटो काढणारे जातीच्या नावावरून हमरीतुमरीवर येतात. शेताच्या फोटोग्राफरला ‘गहू’ एवढे पुरते.

आणि काढणीनंतरचे काय? पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेशात हार्वेस्टर उंचावरून ओंब्या घेऊन जातो आणि खाली उभे धसकट राहते. कुठे त्यावर यंत्र फिरवून भुसा करतात, कुठे ते पेटवून देतात. तोपर्यंत निसर्गफोटोग्राफर घरी परतलेले असतात. शेतातल्या या आगींची सलग नोंद ठेवतात ते उपग्रह, नकाशावरच्या लाल ठिपक्यांनी. फ्रँक गोल्के याने अमेरिकेच्या मैदानांतल्या धान्यकोठारांवर वर्षानुवर्षे काम करून 1992 मध्ये पुस्तक काढले. शेतातून निघालेला गहू कुठे जातो, हाही निसर्गचित्राचाच विषय त्याने मानला. आपल्या मंडीतले उघड्यावरचे ढीग, अवकाळीच्या धास्तीने ताणलेल्या ताडपत्र्या, चाळणीशेजारी बसलेले हमाल हे सारे मात्र बातमीच्या फोटोग्राफरकडे सोपवलेले आहे, आणि पारितोषिकांच्या याद्यांत तो विभाग निराळा असतो.