कैफियतीचे नव्वद दिवस

१९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ साली दुरुस्ती झाली: प्रतिवादीने कैफियत ३० दिवसांत द्यावी, फार तर ९० दिवसांत. आम्हाला वाटलं, तारखांचा खेळ संपला! पण २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ही मुदत मार्गदर्शक आहे. अपवाद म्हणून वाढवता येईल. कारण खोटं नव्हतं. मुदत चुकली म्हणून कुणाचं म्हणणंच ऐकायचं नाही, हा न्याय नव्हे. पण अपवादाचाच रिवाज झाला, तर वाट पाहणाऱ्या वादीचं म्हणणं तरी आपण कुठे ऐकतो? पुढे २०१५च्या कायद्याने व्यापारी दाव्यांत १२० दिवसांची पक्की मर्यादा घातली. त्यानंतर कैफियत घेतच नाहीत. म्हणजे व्यापाऱ्याचा वेळ मोलाचा, आणि घराच्या वाटणीसाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्या विधवेचा? हा प्रश्न तुमच्यापुढे ठेवून आम्ही थांबतो.