एक पैठणी, चार तास

येवल्याच्या पैठणीचा पदर उलटून पाहा. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत मागूनही मोर जवळजवळ तसाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या कांडीवरून येऊन शेजारच्या रंगात अडकवलेला असतो. गृहविज्ञानाच्या पदवीवर्गात हे वस्त्रविज्ञानाच्या तासाला येते. कच्च्या रेशमावरचे चिकट सेरिसिन उकळून काढले की वजन सुमारे चौथाईने घटते, हे रसायनाच्या तासाला. विणकराची पाठ का दुखते ते शरीरशास्त्रात, आणि कित्येक आठवड्यांच्या कामाची मजुरी गृहव्यवस्थापनात. चारही प्राध्यापिका आपापल्या विषयात चोख; पण एकमेकींची टाचणे सहसा कोणी पाहत नाही. आमची तक्रार आहे ती इथे.

1909 साली अमेरिकेतल्या गृह-अर्थशास्त्र संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष झालेल्या एलन रिचर्ड्स या मुळात पाण्याचे पृथक्करण करणाऱ्या रसायनतज्ज्ञ. अन्न आणि घरखर्च यांवरही त्यांनीच लिहिले!

चौघींनी मिळून विद्यार्थिनींना एकाच मागापुढे बसवावे आणि एकच प्रश्न घालावा: ही पैठणी एवढी महाग का? गुण कोणत्या विषयात धरायचे यावर घोडे अडेल, हे आम्ही जाणतो. तोवर निदान अंतर्गत परीक्षेत हा प्रश्न घालून पाहायला काय हरकत आहे?