स्कॉटच्या स्लेजवरचे दगड

ब्रिटिश आरमारातील अधिकारी रॉबर्ट फाल्कन स्कॉट चार साथीदारांसह १७ जानेवारी १९१२ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला. नॉर्वेचा आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ लाच तेथे येऊन गेला होता. परतीच्या वाटेवर स्कॉटच्या तुकडीतील पाचही जण मरण पावले. शेवटच्या तिघांचा तंबू 'वन टन' या अन्नसाठ्यापासून अवघ्या सुमारे २० किलोमीटरवर सापडला. वर्गात आपण ही गोष्ट बहुधा इथेच संपवतो आणि स्कॉटला 'वीर' म्हणून मोकळे होतो.

रोलंड हंटफर्ड यांच्या 'स्कॉट अँड आमुंडसेन' (१९७९) या पुस्तकाने ही वीरप्रतिमा मोडली. कुत्र्यांऐवजी तट्टांवर आणि माणसांच्या ओढण्यावर भिस्त, चौघांच्या शिध्याची आखणी असताना ऐन वेळी घेतलेला पाचवा माणूस हे दोष त्यांनी दाखवले, ते योग्यच झाले. मात्र पुढे पुढे त्यांना स्कॉटच्या प्रत्येक कृतीत नाकर्तेपणाच दिसू लागतो. ही आम्हाला पुस्तकाची मोठी उणीव वाटते.

सुझन सॉलोमन या वातावरणशास्त्रज्ञ. 'द कोल्डेस्ट मार्च' (२००१) मध्ये त्यांनी स्कॉटच्या तुकडीने लिहून ठेवलेली तापमाने त्याच भागातील स्वयंचलित हवामान केंद्रांच्या अनेक वर्षांच्या नोंदींशी ताडून पाहिली. मार्च १९१२ मधील थंडी नेहमीपेक्षा फारच कडक होती, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एरवी स्लेजच्या धावपट्टीखाली घर्षणाने बर्फ किंचित वितळते आणि पाण्याच्या त्या पातळ थरामुळे गाडी घसरते. अतिथंडीत हा थर नीट तयार होत नाही. मग बर्फावरून ओढणे म्हणजे वाळूतून ओढणे!

म्हणून स्कॉट निर्दोष ठरतो का? आम्हाला तसे वाटत नाही. 'वन टन' साठा ८० अंश अक्षांशावर करायचा ठरले होते. तट्टे थकल्याने १९११ मध्ये तो ५५ किलोमीटरहून जास्त अलीकडेच उरकला गेला. ठरल्या जागी असता, तर परतणाऱ्यांना तो वाटेतच लागला असता. थंडी स्कॉटच्या हातात नव्हती; पण चूक सावरायला जागा ठेवणे होते.

'दोष कोणाचा?' या प्रश्नात त्यांच्या स्लेजवरील सुमारे १६ किलो दगड मात्र बाजूला पडतात. फेब्रुवारी १९१२ मध्ये बिअर्डमोर हिमनदीजवळ गोळा केलेले हे दगड त्यांनी शेवटपर्यंत टाकले नाहीत. हंटफर्ड यांना तो निरर्थक खटाटोप वाटतो. १९१४ मध्ये ए. सी. सीवर्ड यांनी त्यांतील पानांचे ठसे ग्लोसोप्टेरिस या वनस्पतीचे असल्याचे दाखवले. या वनस्पतीचे जीवाश्म आपल्या चंद्रपूरकडील कोळशाच्या थरांतही सापडतात. आज जिथे झाड नाही तिथे एके काळी जंगल होते, आणि भारत व अंटार्क्टिका गोंडवन या एकाच भूखंडाचे भाग होते, याचा तो एक पुरावा ठरला.

स्कॉटचा धडा शिकवताना मुलांना फळ्यावर दोन रकाने करायला सांगावे: 'त्याने ठरवलेले' आणि 'त्याच्या हाती नसलेले'. कोणती गोष्ट कुठे लिहायची यावर मुले वाद घालतील. तो जरूर घालू द्यावा. आणि दगडांसाठी तिसरा रकाना ठेवावा: 'त्याने मागे ठेवलेले'.