क्षेत्रभेट आणि इतिहासाचे प्रमाण : कोसंबींच्या पद्धतीचे परीक्षण

इतिहासाच्या अभ्यासकाने प्रत्यक्ष स्थळ पाहावे, हे मत महाराष्ट्रात नवीन नाही. दुर्गभ्रमणाची परंपरा येथे दीर्घकाळ चालत आलेली आहे. परंतु बखरीत वाचलेले डोळ्यांनी पाहणे, यापलीकडे ती क्वचितच जाते. स्थळ हे तिच्या दृष्टीने इतिहासाचे स्मारक असते, साधन नव्हे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी हा क्रम उलटा केला. त्यांच्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या ग्रंथातील मातृदेवतांच्या स्थानांवरील व पश्चिम दख्खनच्या प्रागितिहासावरील प्रकरणांत पुणे जिल्ह्यातील वाटा, शेंदूर फासलेले तांदळे आणि लेणी हीच मूळ साधने ठरतात.

त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : ग्रामदेवतांच्या जुन्या ठाण्यांजवळ सूक्ष्मास्त्रे आढळतात; ही ठाणी पशुपालकांच्या ऋतुमानानुसार होणाऱ्या भ्रमणाच्या वाटांवर, विशेषतः वाटा एकत्र येतात तेथे आहेत; त्याच वाटा पुढे व्यापारी मार्ग झाल्या आणि बौद्ध विहार त्यांच्या आश्रयाने उभे राहिले. कार्ल्याच्या चैत्यगृहाशेजारी आज एकवीरेचे मंदिर आहे, ही गोष्ट त्यामुळे योगायोग उरत नाही.

या पद्धतीचे सामर्थ्य नाणेघाटात विशेष जाणवते. तेथील सातवाहन राणीचा लेख छापील संग्रहात वाचला तर ती यज्ञांची व दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांची यादी वाटते. घाटमाथ्यावरील लेण्यात उभे राहून वाचला असता निराळाच प्रश्न उद्भवतो : हे औदार्य कोकणातील बंदरांकडून जुन्नरकडे चढणाऱ्या वाटेवरच का कोरावे? लेखाचे स्थान हाही लेखाचाच भाग होय. (घाटातील दगडी रांजण जकातीचा होता असे सर्रास सांगितले जाते, लेखाच्या उपलब्ध भागात त्याला आधार नाही. स्थलदर्शनाने दंतकथाही बळावतात, याचे हे उदाहरण.)

तथापि प्रागितिहासाकडे वळताच कोसंबींची पावले प्रमाणापुढे पडू लागतात. पृष्ठभागावर वेचलेली सूक्ष्मास्त्रे आपला काळ सांगत नाहीत. थरांचा पुरावा नसता, एकाच जागी सापडलेले गारगोटीचे पाते आणि आजचा तांदळा यांच्यामधील सहस्रावधी वर्षांचे अंतर केवळ सान्निध्याने भरून निघत नाही. पाणी, सपाट जागा आणि वाटेची सोय या कारणांनी भिन्न काळांतील भिन्न लोक त्याच ठिकाणी थांबले असतील. पूजा अखंड चालू होती असे त्यावरून ठरत नाही.

जुन्नरच्या मानमोडीविषयी त्यांचा पुरावा अधिक बळकट दिसतो, कारण तेथे लेख आहे. लेण्यातील लेखात येणारे ‘मानमुकुड’ हे नाव आणि आजची मानमोडी देवी यांचा त्यांनी संबंध जोडला. नाव दोन हजार वर्षे टिकले, हे मान्य करावेच लागेल. परंतु टिकले ते डोंगराचे नाव. देवीवरून डोंगराला नाव मिळाले की डोंगरावरून देवीला, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि सारा सिद्धान्त त्याच उत्तरावर अवलंबून आहे. येथे कोसंबींनी अधिक थांबावयास हवे होते.

पुढील संशोधनाने त्यांची बाजू काही अंशी सावरली. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगाव येथे केलेल्या उत्खननात मातीच्या पेटीत ठेवलेली शीर्षविहीन स्त्रीमूर्ती व तिच्यासमवेत बैल सापडला. ताम्रपाषाणयुगातील स्त्रीदेवतेच्या पूजेचे हे थरांतून मिळालेले साक्ष्य होय. मात्र तिचा आजच्या एखाद्या ठाण्याशी धागा जुळत नाही. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावरील ग्रंथात (१९७६) धनगरांच्या मौखिक कथांचा आधार घेतला. स्थळ पाहणे आणि स्थळाविषयी तेथील लोक काय सांगतात ते ऐकणे, ही दोन साधने त्यांनी बरोबरीने वापरली. कोसंबींनीही ऐकले होते; परंतु ऐकलेल्या कथेतून ते फार लवकर प्रागितिहासात शिरत.

तरीही विभागाच्या क्षेत्रभेटींसाठी कोसंबींचेच पुस्तक प्रथम हाती द्यावे लागेल. विद्यार्थी कार्ल्यास गेला असता चैत्याच्या कमानीकडे पाहतो. धेनुकाकटाच्या यवनांची नावे कोरलेले खांब आणि दाराशी नवस फेडणारे कोळी यांना एकाच चौकशीत आणण्यास त्याला दुसरे कोणी शिकवीत नाही. त्या चौकशीची टिपणे करताना मात्र वेचलेल्या दगडाची नेमकी जागा, कथा सांगणाऱ्याचे गाव व त्याचे कुळ तेथे केव्हा आले, यांची नोंद स्वतंत्र रकान्यांत असावी.