फलक, भिंत आणि कवी

कवीचे स्मरण कोठे करावे, तो जेथे जगला तेथे की जेथे त्याचा अंत झाला तेथे? लंडनच्या प्रिमरोझ हिल भागातील दोन घरांपुढे हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला. फिट्झरॉय रोडवरील २३ क्रमांकाच्या घरी आयरिश कवी विल्यम बटलर येट्स बालपणी राहत होते. तसा निळा फलक तेथे १९५७ साली लागला. डिसेंबर १९६२ मध्ये सिल्व्हिया प्लाथ मुलांसह याच घराच्या वरच्या मजल्यांवर राहावयास आल्या आणि ११ फेब्रुवारी १९६३ रोजी त्यांनी तेथेच जीवन संपविले. मात्र त्यांचा फलक २००० साली लागला, तो जवळच्या चॅल्कॉट स्क्वेअरमधील ३ क्रमांकाच्या घरावर. तेथे १९६० मध्ये कन्या फ्रीडा जन्मली आणि त्याच वर्षी पहिला काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. कन्येचा कौलही याच घराला होता.

ही निवड आम्हास योग्य वाटते. प्लाथ यांची कविता त्यांच्या मृत्यूच्या चौकटीतून वाचण्याची सवय समीक्षेला फार जडली आहे. फलकाने तरी तिला खतपाणी घालू नये. तथापि फिट्झरॉय रोडचे घर केवळ मृत्यूचे घर मानणे अन्यायाचे होईल. अखेरच्या कविता तेथेच लिहिल्या गेल्या. शिवाय येट्स यांचे घर म्हणूनच प्लाथ यांना त्याची ओढ वाटली. एका कवीच्या फलकाने दुसऱ्या कवीला दार दाखविले, याहून फलकाचे सार्थक कोणते?

परंतु भिंतीचे काय? ही घरे राजवाडे नव्हेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मध्यमवर्गासाठी एकाला एक लागून बांधलेल्या ओळींतील ती घरे आहेत. दोन घरांत एकच सामाईक भिंत, रस्त्याकडे लोखंडी कठडा, खाली तळघर, दर्शनी बाजूस गिलावा आणि वर-खाली सरकणाऱ्या उंच खिडक्या. आपला वाडा चौकाकडे तोंड करून बसतो. ही घरे रस्त्याकडे पाहतात. त्यांचे सौंदर्य एका घरात नाही, ओळीत आहे. एकाने खिडकी बदलली तर साऱ्या ओळीचा ताल बिघडतो.

फलक या ओळीचे रक्षण करीत नाही. ते काम वारसायादीच्या कायद्याचे. लंडनचा पहिला फलक १८६७ साली कवी बायरन यांच्या जन्मस्थळी लागला आणि १८८९ साली ते घरच पाडले गेले.

याच परिसरात, किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाच्या अशाच घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली घेतले. निवासाचे संग्रहालय करण्यास स्थानिक परिषदेने हरकत घेतली. अखेर २०२० साली ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. शासनात उमेदवारी केलेल्या आम्हांस दोन्ही बाजू समजतात. शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत असलेल्या घरात स्मारक करताना शेजारधर्म हाही वारशाचाच भाग ठरतो.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यातील आपले वाडे आज एकेक करून पडत आहेत. तेथे कोण राहिले याची पाटी लावण्याचा उत्साह आपल्याकडे कमी नाही. पण पाटी लावण्यापूर्वी भिंत उभी राहील याची तजवीज आपण करणार आहोत काय?