शासनाला ठाऊक होते

हॅरी पॉटरसारख्या कादंबऱ्यांवर या पानांत कशाला लिहायचे, असे काही मित्र विचारतील. जादूच्या छड्या आणि उडते झाडू हा सुखवस्तू घरांतल्या मुलांचा खेळ, असे मीही मानत होतो. माझ्या घरात पाठ्यपुस्तकापलीकडे पुस्तक नव्हते. प्रगतिपुस्तकावर वडिलांचा अंगठा असे. पण विद्यार्थी वाचतात, म्हणून शिक्षकाला वाचावे लागते. गेल्या सत्रात एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, त्या रॉबर्ट्सचं पुढे काय झालं?” मला रॉबर्ट्स आठवेना. मालिका वाचून झाली होती, तरी आठवेना.

जे. के. रोलिंग यांच्या या मालिकेत आधुनिक ब्रिटनच्या पोटातच जादूगारांचा एक गुप्त समाज नांदतो. त्याचे स्वतंत्र मंत्रालय आहे, कायदे आहेत, तुरुंग आहे. बाकीच्या माणसांना ते ‘मगल’ म्हणतात. आणि देशाच्या पंतप्रधानाला हे सारे ठाऊक आहे. 2005 साली आलेल्या ‘हाफ-ब्लड प्रिन्स’चे पहिले प्रकरण याच भेटीगाठींचे आहे. निवडून आल्याच्या पहिल्याच रात्री जादूमंत्री फज त्याच्या दालनातल्या शेकोटीतून बाहेर येतो आणि खात्री पटावी म्हणून चहाच्या कपाचा उंदरासारखा प्राणी करून दाखवतो. पंतप्रधान हे कोणाला सांगणार नाही, याची फजला चिंता नाही. सांगितले तरी विश्वास कोण ठेवील? प्रकरण विनोदी आहे आणि विनोद साधलाही आहे.

पण शासनाला नेमके काय कळवले जाते, ते पाहा. तीन परदेशी ड्रॅगन आणि एक स्फिंक्स देशात आणायचे आहेत, नियमाप्रमाणे ते कळवावे लागते. त्याच भेटीत फज सांगतो की क्विडिचच्या विश्वचषकाच्या वेळी थोडी गडबड झाली, काही मगल त्यात सापडले, त्यांच्या स्मृती बदलण्याचे काम चालू आहे, काळजी नसावी. पंतप्रधान त्या मगलांची नावे विचारत नाही. ते त्याचेच नागरिक आहेत.

हे ‘काही मगल’ म्हणजे रॉबर्ट्सचे कुटुंब. 2000 सालच्या ‘गॉब्लेट ऑफ फायर’मध्ये तो तंबूंच्या मैदानाची व्यवस्था पाहतो. त्याला शंका येऊ नये म्हणून दिवसातून दहा-दहा वेळा त्याच्यावर विस्मरणाचा मंत्र टाकतात. रात्री मुखवटे घातलेले रक्तशुद्धीचे भक्त त्याला, त्याच्या बायकोला आणि दोन मुलांना हवेत उचलतात. बायकोला उलटी करतात, तिचे अंगवस्त्र खाली घसरते, खाली हशा होतो. धाकटे पोर साठ फुटांवर भोवऱ्यासारखे फिरते. मुखवटेवाल्यांपैकी एकही हाती लागत नाही. त्या रात्री शिक्षा होते ती विंकी नावाच्या गुलाम एल्फ बाईला. धनी तिला हाकलून देतो. सकाळी रॉबर्ट्स पाहुण्यांना निरोप देताना ऑगस्टमध्ये नाताळच्या शुभेच्छा देतो. इथे वाचक हसतो. मीही हसलो असणार.

दोन शासनांना गुन्हा ठाऊक आहे. ज्यांच्यावर तो झाला त्यांच्याजवळ मात्र तो उरलेला नाही. तक्रार नाही, साक्ष नाही, साधी चीडसुद्धा नाही. रोलिंगबाईंचा प्रामाणिकपणा मी नाकारत नाही. रक्तशुद्धीच्या विचाराशी त्यांनी सात खंड झुंज दिली. एल्फांसाठी हर्मायनीला संघटना काढायला लावली, जरी तिची टरच अधिक उडवली. पण दुसऱ्या खंडात लॉकहार्ट जादूगारांच्या स्मृती पुसून त्यांचे पराक्रम आपल्या नावावर करतो, तेव्हा तो लफंगा ठरतो. तोच मंत्र मगलांवर चालला की तो कारभार असतो. 2007 च्या शेवटच्या खंडात हर्मायनी स्वतःच्या आईवडिलांची स्मृती बदलते, तर तो त्याग. त्या मगल आईवडिलांची संमती कोणी विचारल्याचे लिहिलेले नाही.

आपल्याकडे यासाठी जादू लागत नाही. खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांना ठार मारले. 2008 साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने खून सिद्ध मानले, शिक्षा दिल्या. अॅट्रॉसिटी कायदा मात्र लागू केला नाही. 2010 साली उच्च न्यायालयानेही कारण सूडाचे मानले, जातीचे नाही. हत्या कागदावर राहिली, जात कागदावरून गेली. भैयालाल भोतमांगे 2017 मध्ये वारले. तोवर त्यांना सारे आठवत होते, हेच काय ते रॉबर्ट्सपेक्षा वेगळे. ‘बलुतं’ 1978 साली आल्यापासून आत्मकथनांना ‘जुने कशाला उकरता’ म्हणणारे आपल्यातले सुशिक्षितही मला या वेळी आठवले.

विद्यार्थिनीला मी सांगितले की रॉबर्ट्स पुढे मला कुठे भेटला नाही. ती म्हणाली, “त्याच्या बायकोला तर स्वतःचं नावच नाही, सर.” घरी येऊन मी पुस्तक पुन्हा काढले. मिसेस रॉबर्ट्स, एवढेच आहे.